कळसूबाई ते भीमाशंकर: घाटमाथा तुकड्यांनी चालताना

कळसूबाई ते भीमाशंकर ही वाट एका दमात नाही, वेगवेगळ्या खेपांना तुकड्यांनी चालायची, त्याबद्दल हे. सॅक कशी भरायची, बूट कोणते घ्यायचे, ते इथे नाही. दिवाळीनंतर निघा, जानेवारीअखेर आटपा. पुढे वाटेवरच्या पाण्याच्या टाक्यांचा भरवसा नाही.

पहिला तुकडा बारी, कळसूबाई (१६४६ मीटर), रतनवाडी. कळसूबाई उतरल्यावर बराचसा डांबरी रस्ता आहे, चुकायला वावच नाही. दुसरा रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि टोलार खिंडीतून खिरेश्वर. तिथून पुढे खुबी फाट्यावर एस.टी. मिळते.

तिसऱ्याला मात्र जरा थांबा. नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग नावाचा किल्ला, आहुपे. इथे तुकडा कुठे तोडायचा, हेच खरं काम.

‘दमलात की मिळेल त्या वाटेने उतरा’ असं सांगणाऱ्याने पुन्हा तिथे चढून पाहिलेलं नसतं. आम्ही तेच केलं. ढाकोबाच्या पुढे पाणी संपलं, समोर दिसली ती डोंगराची सोंड धरली आणि कोकणात उतरलो. पुढच्या डिसेंबरात ती अख्खी उतरण उलटी चढलो. वर पोचलो तर डोक्याएवढी कारवीची झुडपं आणि चहूकडे ढोरवाटा. खूण म्हणून लक्षात ठेवलेला वाळका उंबर पावसात पडला होता. आमचीच जुनी वाट शोधण्यात दुपार गेली. मोबाइलच्या जीपीएसवरची रेघ वाट पायाखाली आहे म्हणत होती. पायाखाली म्हशींचं शेण.

तेव्हापासून तुकडा देशाकडच्या गावातच संपवतो, कोकणात कधीच नाही. गाव घाटमाथ्याला लागून असतं, पुढच्या खेपेला चढ वाचतो. आहुपे त्यासाठी उत्तम, घोडेगावकडे रस्ता आहे. खूण कातळाची, टाक्याची, देवळाची ठेवा; झाडाची नको. आणि वाडीतला वाटाड्या घ्याच. ‘काका, उद्या दुर्गापर्यंत येता का?’ असं आदल्या संध्याकाळीच विचारा, पैसेही तेव्हाच ठरवा. सकाळी माणसं रानात गेलेली असतात. जीपीएस आहे म्हणून वाटाड्या नको म्हणणाऱ्यांबरोबर मी आता जात नाही.

शेवटचा तुकडा आहुपे ते भीमाशंकर. अभयारण्य आहे, चूल पेटवायची नाही. महाशिवरात्रीच्या आसपास जाऊ नका, परतीच्या एस.टी.त उभं राहायलाही जागा मिळत नाही.