हृदयपेशींचा ऊर्जेचा हिशेब : पीएचडीला येणाऱ्यांसाठी

बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करून हृदयाच्या लॅबमध्ये येणारे बहुतेक जण एक उत्तर पाठ करून येतात. काम वाढलं की एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च होतो, एडीपी (एटीपी खर्चून उरलेला रेणू) वाढतो आणि एडीपी वाढला की मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले एटीपी बनवणारे कारखाने) जोरात चालतात. १९५५ मध्ये चान्स आणि विल्यम्स यांनी पेशीबाहेर काढलेल्या मायटोकॉन्ड्रियावर हे दाखवलं होतं. नेटच्या परीक्षेला तेवढं पुरतं, मीही तेवढ्याच भांडवलावर आलो. धडधडत्या हृदयात मात्र मामला इतका सरळ नाही.

माणसाचं हृदय साधारण ३०० ग्रॅमचं. ते दिवसाला काही किलो एटीपी बनवतं आणि संपवतं, पण हाताशी शिल्लक असते ती जेमतेम दहाएक सेकंदांची. १९८६ मध्ये रॉबर्ट बालाबन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या जिवंत हृदयावर फॉस्फरस एनएमआर केलं, म्हणजे ऊतीला न कापता चुंबकीय क्षेत्रात तिच्यातली फॉस्फेटयुक्त संयुगं मोजली. हृदयाचं काम वाढवलं, ऑक्सिजनचा खप वाढला. एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट (एटीपी झटपट भरून काढणारा साठा) यांचं प्रमाण मात्र जवळपास जागचं हललं नाही. मग मायटोकॉन्ड्रियाला निरोप दिला कोणी? तुमच्या पहिल्या वर्षाचं वाचन या प्रश्नाभोवती बांधा.

एक उत्तर कॅल्शियम. आकुंचन घडवणारं कॅल्शियमच थोडं मायटोकॉन्ड्रियात शिरतं आणि पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजसकट तीन डिहायड्रोजिनेजना, म्हणजे इंधन जाळणाऱ्या एन्झाइमना, वेग देतं. खर्चाला आणि कमाईला एकाच वेळी हुकूम! कल्पना इतकी देखणी की तिच्या प्रेमात पडायला होतं. पण २०११ मध्ये कॅल्शियम आत नेणाऱ्या एमसीयू या वाहिनीची ओळख पटली, २०१३ मध्ये ती नसलेल्या उंदरांवरचा पेपर आला, आणि त्यांची हृदयं विश्रांतीत ठणठणीत निघाली. २०१५ मध्ये प्रौढ उंदरांच्या फक्त हृदयातून ती काढून पाहिली, तेव्हा चित्र थोडं उलगडलं : एरवी काही अडत नाही, पण आयसोप्रोटेरेनॉल (अ‍ॅड्रेनॅलिनसारखं औषध) देऊन अचानक ताण आणला की हृदय मागे पडतं. शिवाय एनएमआर अख्ख्या ऊतीची सरासरी सांगतं. मायटोकॉन्ड्रियाच्या दाराशी एडीपी किती आहे, हे त्यातून दिसत नाही. ‘कॅल्शियम की एडीपी?’ असा वाद कोणी घातला तर मी आधी विचारतो, कुठल्या क्षणाबद्दल बोलताय?

आता हाताने करायच्या कामाकडे. नवजात उंदरांच्या पेशी काढायला सोप्या, डिशमध्ये दिवसेंदिवस टिकतात, म्हणून सगळे त्यांच्याकडेच धावतात. पण त्यांची भिस्त मुख्यतः ग्लुकोजवर. प्रौढ हृदय आपली साठ-सत्तर टक्के ऊर्जा मेदाम्लांतून काढतं. त्यात नेहमीच्या हाय-ग्लुकोज मीडियममध्ये (पेशी ज्यात वाढवतात त्या द्रवात) २५ मिलिमोलर ग्लुकोज असतं, उपाशीपोटी रक्तात असतं त्याच्या पाचपट, आणि मेदाम्लं जवळजवळ नाहीतच. असल्या मीडियममध्ये ऑक्सिजन मोजून हृदयाबद्दल निष्कर्ष काढलेले पेपर भरपूर भेटतील. पेपर हातात आला की मी आधी मीडियमचा परिच्छेद वाचतो. स्वतः मेदाम्ल देताना ते अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधून द्या; नुसतं पामिटेट (संपृक्त मेदाम्ल) फार वेळ ठेवलं तर पेशी मरतात, जोडीला ओलिएट (असंपृक्त मेदाम्ल) असलं तर निभावतात.

प्रौढ पेशी काढणं हे खरं कौशल्य. उंदराच्या महाधमनीत कॅन्युला (बारीक नळी) बसवून हृदय टांगायचं. नळीत एखादा बुडबुडा राहिला की त्या बाजूच्या रक्तवाहिन्या बंद आणि तिथला भाग कच्चा. आधी कॅल्शियमविना द्रव, मग कोलॅजिनेज (पेशींना धरून ठेवणारं जाळं पचवणारं एन्झाइम). हळूहळू हृदय फिकट पडतं आणि चिमटीत भिजलेल्या पोह्यासारखं मऊ लागतं, तेव्हा थांबायचं. कॅल्शियम परत द्यायचं ते पायरीपायरीने. घाई केली की काठीसारख्या लांबट, आडव्या रेषांच्या पेशी डोळ्यांदेखत आखडून गोल होतात, आणि गोल झालेली पेशी गेलीच समजा. सत्तर टक्क्यांच्या खाली काठ्या दिसल्या तर मी प्लेट भरत नाही, दिवस गेला तर गेला.

आणखी एक. प्लेटमध्ये गप्प पडलेल्या पेशीला कामच नाही, मग तिचं नियमन कसं दिसणार? एफसीसीपी (मायटोकॉन्ड्रियाचा लगाम सोडणारं रसायन) घालून कमाल क्षमता कळते, मागणीनुसार पुरवठा कसा जुळतो ते नाही. त्यासाठी विजेचे झटके देऊन पेशींना ठोके घ्यायला लावावं लागतं, आणि तशी सोय सगळीकडे नसते.

म्हणून लॅब पक्की करण्याआधी गाईडना तीन गोष्टी सरळ विचारा. प्रौढ पेशी इथेच काढता का, की मागवता? ज्याचा हात बसलाय तो सीनियर अजून किती महिने आहे? आणि प्राण्यांसाठीची नैतिकता समितीची मंजुरी तुमच्या प्रकल्पाच्या नावाने आहे, की अजून अर्जच करायचाय? तिसऱ्याचं उत्तर ‘होऊन जाईल’ असं आलं, तर मधल्या महिन्यांत कशावर काम करायचं तेही तिथेच ठरवून घ्या.