बालपण, श्रद्धा आणि समीक्षा: तीन तऱ्हेची पुस्तके एकत्र कशी वाचावीत

कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीशी तासभर बसले, तर मराठी वाचकांचे तीन निष्ठावंत गट सहज ओळखू येतात. एका गटाला बालपणाच्या आठवणी वाचायच्या असतात, दुसऱ्याला संतसाहित्य आणि श्रद्धेच्या प्रवासाची पुस्तके हवी असतात, आणि तिसरा, संख्येने लहान असलेला गट समीक्षेचे नवे पुस्तक आले का, असे विचारत असतो. हे वाचक एकमेकांना नावाने ओळखतात, मात्र एकमेकांची पुस्तके क्वचितच वाचतात. या तिघांना एका सतरंजीवर बसवणारे वाचनमंडळ कसे सुरू करावे आणि निदान सहा महिने कसे टिकवावे, हे येथे सांगायचे आहे. या तिन्ही तऱ्हेच्या पुस्तकांना एकच प्रश्न विचारता येतो, आणि माझ्या अनुभवात तोच मंडळाला बांधून ठेवतो. हे कोण बोलते आहे, कोणाशी बोलते आहे, आणि किती अंतरावरून बोलते आहे, असा तो प्रश्न आहे.

सभासद आठ ते बारा असावेत. त्याहून कमी असल्यास दोन अनुपस्थितींनी बैठक मोडते. त्याहून अधिक झाल्यास मोठ्या आवाजाचे चारजण बोलतात आणि बाकीचे ऐकतात. पंधरा दिवसांनी एक बैठक आणि दीड तासाचा वेळ पुरेसा होतो. जागेसाठी जवळच्या ग्रंथालयाला विचारावे, कारण वाचनखोली संध्याकाळी रिकामी असते आणि ग्रंथपालांना असे उपक्रम मनापासून हवे असतात.

पुस्तकांचा क्रम मात्र विचारपूर्वक ठरवावा. आमच्या मंडळाने पहिल्या वर्षी समीक्षेपासून सुरुवात केली होती. आधी दृष्टी यावी आणि मग वाचन व्हावे, असा आमचा समज होता; तिसऱ्या बैठकीला निम्मे सभासद उरले. ज्याने अजून पुस्तकावर प्रेम केलेले नाही, त्याला त्या पुस्तकाची चिकित्सा ऐकवणे म्हणजे न जेवलेल्या माणसाला पाककृती वाचून दाखवण्यासारखे आहे. म्हणून पहिले दोन महिने बालपणाला, पुढचे अडीच महिने श्रद्धेला आणि शेवटचा दीड महिना समीक्षेला द्यावा.

पहिल्या बैठकीपूर्वी प्रतींची व्यवस्था करावी. ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले आणि लक्ष्मीबाई टिळकांचे १९३६ मध्ये. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपत असल्याने या दोघांच्या पुस्तकांच्या अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या स्वस्तात मिळतात. स्वस्त प्रत घेताना ती संक्षिप्त आहे की संपूर्ण, हे आतल्या पानावर पाहून घ्यावे. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले होते. सगळे भाग आहेत ना, याची खात्री करूनच प्रती घ्याव्यात, नाहीतर अर्ध्या मंडळाने वाचलेला प्रसंग उरलेल्यांच्या प्रतीत नसतो आणि बैठक पानांच्या शोधातच संपते.

बालपणासाठी मी तीन पुस्तके सुचवतो: ‘श्यामची आई’, ‘स्मृतिचित्रे’चा आरंभीचा भाग आणि प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मधील दोन कथा. ही निवड केवळ लोकप्रियतेवरून केलेली नाही. तिन्ही ठिकाणी बालपणाकडे पाहणारा डोळा वेगळ्या अंतरावर आहे, आणि ते अंतर मोजायला शिकणे हेच या दोन महिन्यांचे काम आहे.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले, आणि त्याची प्रकरणे ‘रात्र’ या नावाने येतात, कारण प्रौढ श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो आहे. हे पुस्तक मुळातच ऐकण्यासाठी बांधलेले असल्यामुळे ते बैठकीत मोठ्याने वाचावे, आणि एका बैठकीत दोन रात्रींहून अधिक घेऊ नयेत. वाचून झाल्यावर सभासदांना लगेच ‘कसे वाटले’ असे विचारू नये. त्याऐवजी, या प्रसंगात लहान श्यामला त्या वेळी काय कळत होते आणि सांगणाऱ्या श्यामला नंतर काय कळले, हे प्रत्येकाला वेगवेगळे सांगायला लावावे. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या मुलाला आई जे सांगते, तो प्रसंग यासाठी उत्तम आहे. मुलाला फक्त ओले पाय आणि धोंडीवर पसरलेला आईचा पदर दिसतो. मन स्वच्छ ठेवण्याचा अर्थ त्या क्षणी त्याच्यापर्यंत कितपत पोचला असेल, यावर आमच्या मंडळात पाऊण तास चर्चा चालली होती. पुस्तक ऐकताना अनेकांचे डोळे भरून येतात. ते भरू द्यावेत. घाईने चर्चेकडे वळू नये.

लक्ष्मीबाईंच्या बालपणाचे अंतर निराळे आहे. साठी ओलांडलेली बाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या लहानशा मनूकडे आणि वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाकडे पाहते, त्या धाकाचे वर्णन करते, आणि तरीही वाक्यावाक्याला हसवते. दुःखाचा प्रसंग विनोदाने सांगितल्यावर दुःख कमी होते का, हा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो. ज्येष्ठ स्त्री सभासदांना येथे प्रथम बोलू द्यावे, कारण सोवळे-ओवळे आणि लहान वयातील लग्न यांच्या कहाण्या त्यांनी आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या असतात आणि ती माहिती कोणत्याही तळटीपेत सापडत नाही.

प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला मुलगा लंपन मात्र अंतरच ठेवत नाही. त्याच्या कथांत मोठेपणीचा लेखक पडद्याआड राहतो आणि बेळगावकडची, कानडीचा गंध असलेली मुलाची बोली सगळे सांगून जाते. येथे एक सोपा सराव करून घ्यावा. लंपनच्या कथेतील एक परिच्छेद घेऊन तो श्यामच्या आवाजात लिहायला सांगावा. दहा मिनिटांत सभासदांच्या लक्षात येते की प्रसंग तोच राहूनही त्यात शिकवण शिरली, वाक्ये लांबली आणि मुलाचा गोंधळ नाहीसा झाला. निवेदक ही संकल्पना शिकवायला याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

श्रद्धेच्या पुस्तकांकडे जाताना ‘स्मृतिचित्रे’ हातातच ठेवावे, म्हणजे पूल आयता मिळतो. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हा भाग वाचताना एक गोष्ट सभासदांच्या नजरेस आणून द्यावी. जातिभेद माणसाने निर्माण केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंच्या मनाला आधी पटते आणि धर्मांतर त्यानंतर येते. विश्वास बदलण्याची प्रक्रिया इतक्या घरगुती तपशिलांतून, स्वयंपाक आणि पाण्याच्या भांड्यांतून, मराठीत फार थोड्यांनी मांडली आहे. मंडळात वेगवेगळ्या धर्मांचे सभासद असतील तर ही बैठक अवघड जाऊ शकते. त्यासाठी एकच नियम ठेवावा: चर्चा लेखिकेने काय लिहिले आहे याची होईल, तिने काय करायला हवे होते याची होणार नाही. हा नियम बैठकीच्या आरंभी स्पष्टपणे सांगावा आणि कोणी ओलांडल्यास सौम्यपणे पण लगेच आठवण करून द्यावी.

त्यानंतर संतांकडे वळावे. एकदम संपूर्ण गाथा किंवा संपूर्ण ज्ञानेश्वरी हाती घेऊ नये. शासकीय गाथेत तुकोबांचे साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. सहा महिन्यांत ते वाचून होणार नाहीत आणि होण्याची गरजही नाही. तुकोबांचे दहा अभंग, तुकोबांना गुरू मानणाऱ्या सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग, आणि ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय इतके पुरे आहे. बहिणाबाई आवर्जून घ्याव्यात, कारण त्यांच्या अभंगांत बालपण आणि श्रद्धा एकाच ठिकाणी भेटतात: लहान वयातले लग्न, जिवाला लळा लावणारे वासरू, त्याचा मृत्यू, आणि तुकोबांचा ध्यास. पहिल्या दोन महिन्यांत शिकलेला अंतराचा प्रश्न येथे पुन्हा विचारता येतो, फक्त आता बोलणारी व्यक्ती एकाच वेळी देवाशीही बोलते आणि आपल्याशीही.

अभंगांच्या क्रमांकांनी गोंधळ होतो, हे आधीच सांगून ठेवावे. शासकीय प्रतीतला क्रमांक आणि सांप्रदायिक प्रतीतला क्रमांक जुळत नाही. म्हणून पुढच्या बैठकीचे अभंग कळवताना क्रमांकाऐवजी पहिला चरण लिहून द्यावा. जुन्या शब्दासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जवळ ठेवावा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती संगणकावर सहज पाहता येते. आज वेगळ्या अर्थाने वापरला जाणारा एखादा शब्द त्यात जुन्या अर्थाने भेटला, की संपूर्ण चरण उजळून निघतो, आणि त्या क्षणी सभासदांच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यासाठी मंडळ चालवावेसे वाटते.

पारायण आणि अभ्यास यांची गती वेगळी असते, याचीही जाणीव ठेवावी. पारायणात ठरलेल्या दिवसांत ग्रंथ पूर्ण करायचा असतो, तेथे थांबणे योग्य मानले जात नाही. अभ्यासात एका ओवीवर अर्धा तास थांबावे लागते. मंडळातील काही जणांसाठी ज्ञानेश्वरी हा पाटावर ठेवून वंदन करण्याचा ग्रंथ असतो, तर काही जणांसाठी तो शके १२१२ मधील काव्यग्रंथ असतो. दोघांनाही मोकळेपणा वाटावा म्हणून बैठकीचा आरंभ एका अभंगाच्या गायनाने करावा. ज्याला हात जोडावेसे वाटतील त्याने जोडावेत, ज्याला केवळ चाल ऐकायची असेल त्याने ऐकावी. गाऊन झालेला अभंग चर्चेत अधिक मोकळा होतो, हे मी वारंवार पाहिले आहे, कारण ध्रुपद परत परत येण्याचे प्रयोजन गायल्याशिवाय कळत नाही.

शेवटच्या दीड महिन्यासाठी समीक्षेची दोन पुस्तके पुरतात, आणि तीही पूर्ण वाचण्याचा आग्रह नसावा. म. वा. धोंड यांचे ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’, ज्याला १९९७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि रा. चिं. ढेरे यांचे १९८४ मधील ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’. धोंडांचे पुस्तक उघडण्यापूर्वी सभासदांनी बाराव्या अध्यायातील दृष्टान्तांची स्वतः यादी करावी: कोणता दृष्टान्त शेतातून आला, कोणता घरातून, कोणता पाण्यावरून किंवा आकाशातून. ही यादी हातात घेऊन धोंड वाचले म्हणजे समीक्षक आपल्याआधी त्याच वाटेने गेलेला एक बारकाईने पाहणारा वाचक आहे, असे जाणवते आणि त्याच्या विद्वत्तेचे दडपण राहत नाही. एखाद्या सभासदाने धोंडांशी असहमती दाखवली तर तिचे स्वागत करावे, फक्त ती ओवी दाखवून मांडायला सांगावी.

ढेऱ्यांच्या पुस्तकाबाबत अधिक जपावे लागते. विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा लोकदेव होता आणि पुढे अनेक प्रवाह त्याच्यात मिसळले, अशी त्यांची मांडणी आहे. वारी करणाऱ्या सभासदाला ती पहिल्यांदा ऐकताना खटकू शकते. आमच्याकडे अनेक वाऱ्या केलेल्या एका काकांनी तो भाग ऐकून पुढच्या बैठकीला येणार नाही असे सांगितले होते. त्यांच्याशी वाद न घालता त्यांना फक्त कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीला भरणाऱ्या, धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेविषयी माहिती काढून आणण्याची विनंती केली. पंधरा दिवसांनी ते आले, त्यांच्याजवळ चार पानांचे टिपण होते, आणि धनगरांच्या ढोलाविषयी त्यांनी जे सांगितले ते आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. ढेऱ्यांचे सगळे म्हणणे त्यांना पटले असे नाही. पण ते पुस्तक त्यांनी स्वतःसाठी विकत घेतले.

या सर्व काळात प्रत्येकाने एक टाचणवही ठेवावी. तिच्यात पुस्तकाचा सारांश लिहू नये, कारण सारांश लिहिताना वाचक लेखकाच्या आवाजापासून दूर जातो. प्रत्येक बैठकीसाठी तीनच नोंदी असाव्यात: थांबवणारे एक वाक्य, न कळलेला एक शब्द, आणि बोलणाऱ्याविषयी पडलेला एक प्रश्न. नोंदीपुढे पान क्रमांक आणि आवृत्तीचे वर्ष लिहायला विसरू नये. परदेशी राहणारा एखादा सभासद दूरसंवादाने सामील होत असेल, तर त्याने आपल्या नोंदी आदल्या दिवशी पाठवाव्यात, म्हणजे त्याच्याकडील अवेळेमुळे तो लवकर उठून गेला तरी त्याचा प्रश्न बैठकीत राहतो.

बाराव्या बैठकीला नवे काही वाचू नये. ‘श्यामची आई’तील पहिल्या बैठकीत वाचलेली तीच रात्र पुन्हा मोठ्याने वाचावी, आणि शक्य असेल तर त्या वेळी ज्याने वाचली होती त्यालाच वाचायला सांगावे. मग टाचणवह्या उघडून पहिल्या दिवशीच्या नोंदी आणि आजच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. आमच्या मंडळात एका सभासदाने पहिल्या दिवशी ‘आई किती थोर’ एवढेच लिहिले होते. शेवटच्या दिवशी तिने लिहिले की आश्रमात ऐकणारे मित्र मधूनच एखादा प्रश्न विचारतात, तेव्हा श्यामचा आवाज बदलतो. त्या नोंदीवर बोलता बोलता वाचनखोली बंद करण्याची वेळ झाली आणि उरलेले बोलणे आम्ही जिन्यात पूर्ण केले.