राखाडी फर्ग्युसन : आधी ओळखा, मग पाना लावा

जुन्या फळबागेच्या गोठ्यात पत्र्याखाली उभा असलेला छोटा ट्रॅक्टर लाल दिसला की "मॅसी आहे" म्हणून लोक मोकळे होतात. रंगावर जाऊ नका. कोव्हेंट्रीत 1946 ते 1956 या काळात बनलेला फर्ग्युसन टीई-20 कारखान्यातून इंजिनसकट राखाडी निघायचा. लाल रंग पुढच्या मॅसी फर्ग्युसनचा. पाऊस-ऊन न लागलेल्या कोपऱ्यात, डॅशबोर्डच्या मागे, थोडं खरवडून बघा. खाली राखाडी लागला तर पाटी शोधा.

पाटी डॅशबोर्डवर असते आणि खरी माहिती 'टीई'नंतरच्या अक्षरात. टीई-20 नुसतं असेल तर कॉन्टिनेंटल कंपनीचं इंजिन. टीईए म्हणजे स्टँडर्ड कंपनीचं पेट्रोल इंजिन, टीईडी रॉकेलसारख्या इंधनावरचं, टीईएफ डिझेल. टीईके, टीईएल, टीईएम हे द्राक्षबागेसाठीचे अरुंद ट्रॅक्टर, आणि दुर्मीळ म्हणावेत असे हेच. एकूण पाच लाखांवर टीई-20 बनले, त्यामुळे नुसतं नाव ऐकून जास्त पैसे मोजू नका. शिवाय पाटी ही दोन स्क्रूंची गोष्ट, आणि इंजिनंही बदललेली असतात. रॉकेलवाल्याच्या टाकीत दोन कप्पे असतात, छोटा पेट्रोलचा; डिझेलला प्लग-वायर नाहीत. पाटी, इंजिन आणि आरसीवरचे नंबर जुळत नसतील तर सौदा तिथेच थांबवा.

जाम इंजिन ओढून सुरू करायचा मोह सगळ्यांना होतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं ओता, आठवडाभर राहू द्या, मग हँडलने थोडं पुढे, थोडं मागे. जोर लावून रिंगा तुटतात.

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं की खरी परीक्षा सुरू होते. या इंजिनाच्या स्लीव्ह (पिस्टन ज्यांत वर-खाली होतो त्या नळ्या) 'ओल्या' असतात, म्हणजे बाहेरून थेट पाणी खेळतं. खाली पातळ गॅस्केट, वर हेडचा दाब, एवढ्यावरच त्या बसलेल्या. हेड नसताना क्रँक फिरवला तर पिस्टन स्लीव्हला वर उचलतो, खालचं गॅस्केट फाटतं आणि पाणी खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. जोडणी झाल्यावर ऑइल दुधाळ दिसलं की हेच झालेलं असतं. म्हणून हेड काढताच वॉशर आणि पट्टी लावून चारही स्लीव्ह दाबून धरा. नव्या बसवल्यावर ब्लॉकच्या पातळीपेक्षा स्लीव्ह 3 ते 5 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वर हवी. सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजा. कमी भरली तर हेड गॅस्केट धरत नाही.

स्टँडर्डच्या पेट्रोल इंजिनात आधी 80 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) होता, 1951च्या सुमारास 85 झाला. म्हणून पुण्याच्या नाना पेठेत "टीई-20ची स्लीव्ह द्या" म्हणून उपयोग नाही. जुनी स्लीव्ह पिशवीत घालून न्या. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी इंची पाने मिळतात. ते आधी घ्या, मेट्रिक पान्याने नटाची तोंडं गोल होतात. हेडचं फेसिंग (तळ घासून सपाट करणं) मात्र भोसरीतल्या चांगल्या लेथवाल्याकडेच.

बॅटरी लावताना थांबा. इथे बॉडीला प्लस जोडलेला असतो, सवयीने मायनस जोडू नका. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या सरळ फेकून द्या. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये त्या फुगतात आणि कार्बोरेटरचा जेट चोंदतो.

गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं असतंच. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसात तिथूनच पाणी आत जातं. गिअर, मागचा अॅक्सल आणि लिफ्ट (अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा) यांचं तेल एकच असल्याने तिन्ही बिघडतात. तेल काढून डिझेलने धुवा, रबर नवं घाला. रंगाचं काम दिवाळीनंतर काढा. दमट हवेत एनॅमलची चकाकी जाते.

"लिफ्ट मेली" असं ठरवून पंप उतरवण्याआधी पीटीओचा (मागे जोडलेलं यंत्र फिरवणाऱ्या शाफ्टचा) लिव्हर बघा. पंप पीटीओच्या शाफ्टवरून चालतो. लिव्हर बंद असेल तर चांगला पंपही लिफ्ट इंचभर उचलणार नाही.