बोटीच्या फ्रीजमध्ये साचलेला बर्फ : उतरवण्याआधी काय पाहावे, कसा उतरवावा

घरातल्या दोन दारांच्या फ्रीजमध्ये बर्फाचे थर चढत नाहीत, कारण ठरावीक वेळाने आपोआप तापणारा हीटर ते वितळवून टाकतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या बोटीच्या फ्रीजमध्ये मात्र असा हीटर सहसा नसतो. त्याला लागणारी वीज बॅटरीला परवडणारी नसते. तिथे गार होणारी ॲल्युमिनियमची पाटी उघडीच असते आणि आत शिरलेल्या हवेतला ओलावा तिच्यावर गोठत जातो. म्हणून बोटीवर बर्फ साचणे हा स्वतः बिघाड नव्हे. तो किती वेगाने आणि नेमका कुठे साचतो, यावरून मात्र बिघाड कळतो, आणि म्हणूनच घाईने वितळवून टाकण्याआधी तो दोन मिनिटे नीट पाहावा.

आधी वेगाचा हिशेब करू. नवी मुंबईतल्या बेलापूर किंवा दिवाळे गावाच्या जेट्टीवर पावसाळ्याच्या तोंडाशी हवा 30 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे 26 ग्रॅम पाण्याची वाफ असते. चाळीस लिटरच्या फ्रीजमधली सगळी हवा एकदा बदलली, तर जेमतेम एक ग्रॅम पाणी आत येते. दिवसातून वीस वेळा दार उघडले, तरी महिन्याकाठी फार तर 600 ग्रॅम. याउलट आठवड्यालाच वाडगाभर बर्फ निघत असेल, तर दार वारंवार उघडणाऱ्या पाहुण्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ओलावा दुसऱ्या वाटेने येतो आहे.

ती वाट बर्फच दाखवतो. दाराच्या एकाच कडेला जाड थर असेल, तर तिथले रबर कडक झाले आहे किंवा बिजागरीचे स्क्रू गंजून ढिले पडून दार झुकले आहे. दहाची नोट दारात धरून दार लावावे आणि नोट ओढून पाहावी. अडखळत निघाली तर रबर चांगले, अलगद सुटली तर तीच फट. सगळ्या पाटीवर सारखा थर असेल, तर कारण उघडझाप आणि उघडे ठेवलेले ओले पदार्थ हे आहे. वरून उघडणाऱ्या पेटीच्या तळाला पाणी जाण्याचे छिद्र असते. त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते खरा चोर बहुधा तिथेच सापडतो. गार हवा जड असल्याने त्या छिद्रातून खाली वाहून जाते आणि तिच्या जागी झाकणाच्या फटींतून दमट हवा ओढली जाते. छिद्राला बूच लावावे किंवा नळीला खाली वळण देऊन त्यात पाणी राहील असे करावे. मात्र पाटीच्या एकाच कोपऱ्यात बर्फ, बाकीची पाटी कोरडी आणि कॉम्प्रेसर थांबायलाच तयार नाही, असे दिसले तर गॅस कमी झाल्याची शक्यता मोठी असते. ते काम मेकॅनिकचे.

थर पाच-सहा मिलिमीटरचा झाला की तो उतरवावा. बर्फाच्या भुसभुशीत थरात हवा अडकलेली असते आणि ती पाटीवर गोधडीसारखी बसते, त्यामुळे तेवढ्याच गारव्यासाठी कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. चार अँपिअर घेणारा कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालला तर दिवसाला 48 अँपिअर-तास लागतात, अखंड चालला तर 96. लेड-ॲसिडची 100 अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, हे ध्यानात घेतले की जाड बर्फाची किंमत कळते.

काम भरतीच्या वेळी करावे. ओहोटीला बोट चिखलावर टेकून कलते आणि वितळलेले पाणी नको त्या बाजूला धावते. फ्रीजचा स्विच बंद करावा, जिताडा-कोळंबी बर्फासह थर्माकोलच्या पेटीत हलवावी आणि तळाशी जुने टॉवेल अंथरावेत. दार उघडे ठेवले की आपल्याकडची उष्ण हवाच निम्मे काम करते. घाई असेल तर गरम पाण्याचे पातेले ठेवण्याचा घरगुती उपाय लाटांवर हिंदकळतो. त्यापेक्षा शेकायची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पाटीला टेकवावी आणि दहा-पंधरा मिनिटांनी पाणी बदलावे. ओल्या बोटीवर 230 व्होल्टचा हेअर ड्रायर वापरू नये. मीठ किंवा खाडीचे पाणी ओतू नये, ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

सुरी, पेचकस, उलथने यांना तर हात लावूच नये. एकदा मी पेचकसाने एक ढलपी काढायला गेलो, फुस्स असा आवाज आला आणि ढलपीबरोबर सगळा गॅसही गेला. पाटीच्या आतच गॅसच्या वाहिन्या असतात आणि तिचा पत्रा पातळ असतो. बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये भरलेला आर-600ए हा गॅस ज्वलनशील असून हवेपेक्षा जड आहे. तो केबिनच्या तळाशी साचतो. कधी पाटी फुटलीच तर शेगडी व स्विच यांना हात न लावता केबिनच्या खिडक्या-दारे उघडावीत आणि वर डेकवर यावे. थर सैल झाला की बोटांनी किंवा लाकडी कलथ्याने तो अलगद सुटतो. पाटीला लागलेली थर्मोस्टॅटची बारीक नळी तेवढी जपावी.

वितळलेले पाणी स्पंजने टिपून बादलीत घ्यावे. ते बोटीच्या तळात सोडले, तर मासळीचा अंश कुजून आठवडाभर वास येतो. पाटी आणि रबर खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने पुसून, साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे, कारण मागे राहिलेला प्रत्येक थेंब पहिल्या तासातच पुन्हा गोठतो. मग रिकामा फ्रीज चालू करावा आणि पाटी चांगली गार झाल्यावरच सामान भरावे. मासळी निथळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी; वाफाळता भात कधीही आत ठेवू नये.

पावसाळ्यात बोट दोन-तीन महिने बांधून ठेवायची असेल, तर फ्रीज रिकामा, कोरडा आणि बंद करून दाराच्या फटीत लाकडाचा तुकडा अडकवावा, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर दार उघडताना रबरावर बुरशी सापडणार नाही.