खरी सायक्लोक्रॉस फ्रेम कशी ओळखावी: परवडणारी कार्बन फ्रेम निवडताना

सायक्लोक्रॉससाठी कार्बन फ्रेम शोधतोय असं मुंबईत कुणाला सांगितलं की हमखास उत्तर येतं, ‘अरे, ग्रॅव्हलची घेऊन टाक, दोन्ही एकच.’ ग्रॅव्हल म्हणजे कच्च्या रस्त्यांवरच्या लांब भटकंतीची सायकल, सायक्लोक्रॉस म्हणजे चिखल-वाळूतल्या छोट्या शर्यतीची; दोन्ही एक नाहीत. माझी पहिली फ्रेम मी याच समजुतीवर घेतली आणि एका पावसाळ्यानंतर विकली. पुढे स्वतःसाठी दोन आणि रविवारी पहाटे बरोबर येणाऱ्या मंडळींसाठी सहा फ्रेम निवडल्या. दर वेळी तोच एक मुद्दा नव्यानं समजावून सांगावा लागला, म्हणून इथे नीट लिहितोय.

तुमचं माप तुम्हाला माहीत आहे, ड्रॉप हँडलबारची सायकल चालवायची सवय आहे आणि चाकं, गिअर, ब्रेक कुठले लावायचे ते ठरलंय, असं धरून चालतो.

आधी ठरवा, क्रॉसच हवी का?

४५ मिमीचे टायर, मागे सामान आणि कोकणात चार दिवसांची भटकंती, असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ग्रॅव्हल फ्रेम घ्या. ती त्या कामासाठी उत्तम आहे. सायक्लोक्रॉस हा तासाभराच्या शर्यतीचा प्रकार आहे: चिखल, वाळू, तीव्र वळणं, उतरून सायकल खांद्यावर टाकणं, पळत चढ चढणं आणि पुन्हा उडी मारून सीटवर बसणं. त्याचं घर बेल्जियमच्या फ्लांडर्समधला हिवाळा. तिथल्या कोक्सेडच्या वाळूच्या टेकड्यांवर २०१२ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली होती. आपल्याकडे तसा हिवाळा नसला तरी जून ते सप्टेंबर आरेतल्या तबेल्यांमागच्या पायवाटा आहेत, आणि मार्व्याहून बोटीनं पलीकडे गेलं की मनोरीची वाळू आहे. अशा ठिकाणी झटपट वळणारी आणि झटपट उचलता येणारी सायकल हवी असेल तर पुढे वाचा.

बीबी ड्रॉप: सगळं इथे ठरतं

विक्रेत्याच्या पानावर जिओमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा आणि कोनांचा, तक्ता असतो. तक्ता नसेल तर ती फ्रेम सोडून द्या, चर्चा नको. असेल तर बाकी रकाने बाजूला ठेवून आधी ‘बीबी ड्रॉप’ शोधा. दोन्ही चाकांच्या मध्यांना जोडणारी सरळ रेघ मनात ओढा. क्रँकचा (पेडल ज्यावर बसतं त्या हाताचा) मध्य, म्हणजे बॉटम ब्रॅकेट किंवा बीबी, त्या रेघेच्या जेवढा खाली असतो तो हा आकडा. ड्रॉप जास्त म्हणजे पेडल जमिनीच्या जवळ.

क्रॉस फ्रेममध्ये हा आकडा साधारण ६० ते ७० मिमी असतो, ग्रॅव्हलमध्ये बहुधा ७० ते ८०. दहा मिलिमीटरनं काय बिघडतं, असं मलाही वाटलं होतं. माझ्या पहिल्या फ्रेमच्या टॉप ट्यूबवर (सीटपासून हँडलकडे जाणाऱ्या वरच्या नळीवर) ठळक अक्षरांत ‘सायक्लोक्रॉस’ रंगवलेलं होतं आणि ड्रॉप होता ७६. तक्ता मी पाहिला होता, पण वजन आणि किंमत यांच्या खाली तो आकडा वाचायचाच राहिला. जुलैमध्ये आरेत एका तिरक्या उतारावर, वळणात पेडल मारताना, आतल्या बाजूचं पेडल झाडाच्या मुळावर आपटलं. मागचं चाक उचललं गेलं आणि मी खांद्यावर पडलो. त्या महिन्यात पेडल तीनदा आपटलं. तोवर मी दोष माझ्या पाय मारण्यालाच देत होतो.

हिशोब सोपा आहे, कागदावर मांडा. ७००सी रिमचा टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिमी, म्हणजे त्रिज्या ३११. त्यात ३३ मिमीचा टायर मिळवला की चाकाची त्रिज्या ३४४. ड्रॉप ६५ असेल तर क्रँकचा मध्य जमिनीपासून २७९ मिमीवर येतो. ड्रॉप ७६ असेल तर २६८ वर. क्रँक १७२.५ मिमी लांबीची असेल तर खाली आलेल्या पेडलच्या दांड्याखाली पहिल्या फ्रेममध्ये सुमारे १०६ मिमी उरतात, दुसरीत ९५. त्यातून पेडलची अर्धी जाडी आणि टायरचं दबणं वजा करा. तिरक्या जमिनीवर वरच्या बाजूचं पेडल जमिनीला आणखी जवळ येतं ते वेगळंच.

आता ग्रॅव्हलवाल्यांचं गणित पाहा. ते ४० मिमीचा टायर धरतात, त्रिज्या ३५१ होते आणि ७६ ड्रॉपलाही उंची २७५ येते. त्यांच्या दृष्टीनं फ्रेम बरोबरच आहे. तिच्यात ३३चा टायर घातलात की ती खाली जाते. म्हणून विक्रेत्यानं ‘बीबीची उंची’ दिली असेल तर त्यावर विसंबू नका. ती कुठला टायर धरून काढली ते तक्त्यात क्वचितच लिहिलेलं असतं. ड्रॉप हा आकडा टायरवर अवलंबून नाही, तोच विचारा. क्रॉसच्या शर्यतींत यूसीआयची (सायकलिंगच्या जागतिक महासंघाची) टायरच्या रुंदीची मर्यादा ३३ मिमी आहे आणि खरी क्रॉस फ्रेम त्याच टायरभोवती बांधलेली असते.

‘ड्रॉप जितका कमी तितकं चांगलं’ असंही ऐकायला मिळतं. तेही खोटं आहे. जुन्या फ्रेम खूप उंच असत, कारण पायाला पट्ट्यांचे पिंजरे होते आणि उडी मारून बसताना पिंजरा उलटा होऊन जमिनीला घासायचा. बुटाचा तळ थेट अडकतो अशी क्लिपलेस पेडल आल्यावर ती गरज संपली. बीबी फार उंच असेल तर वळणात आपण सायकलच्या ‘वर’ बसलोय असं वाटतं, आत नाही. माझं ठाम मत: मुंबईतल्या मुळांसाठी आणि दगडांसाठी ६२ ते ६८. सत्तरच्या पुढे गेलं की मी ती फ्रेम क्रॉस म्हणून कुणाला घेऊ देत नाही, मग रंग कितीही आवडलेला असो.

नावावर जाऊ नका हे ओळखीच्या ब्रँडलाही लागू आहे. स्पेशलाइज्डची क्रक्स अनेक वर्षं क्रॉसची फ्रेम होती. २०२१च्या नव्या रचनेत ती ग्रॅव्हलकडे वळली. सेकंडहँड ‘क्रक्स’ घेताना साल विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. उलट रिडलीची एक्स-नाइट किंवा कॅनयनची इनफ्लाइट यांची वंशावळ क्रॉसचीच आहे. नवीन फ्रेम घ्यायची असली तरी यांच्या एक-दोन पिढ्या जुन्या फ्रेमचे तक्ते उघडून शेजारी ठेवा. अनोळखी फ्रेम मोजायला याहून चांगली पट्टी नाही.

पुढचं चाक आणि फोर्क

हेड अँगल, म्हणजे हँडलची नळी (हेड ट्यूब) जमिनीशी करते तो कोन, ७१.५ ते ७२.५ अंश, आणि फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा) रेक, म्हणजे त्या नळीच्या रेषेपासून चाकाचा मध्य जेवढा पुढे असतो ते अंतर, ४५ ते ४७ मिमी, हे रूढ माप. दोन्ही एकत्रच वाचायचे. ७२ अंश आणि ४५ रेक यांतून ३३च्या टायरवर ट्रेल (नळीची रेषा जमिनीला भेटते तिथून टायर टेकतो ती जागा जेवढी मागे असते ते अंतर) निघतो सुमारे ६४ मिमी. ७० अंश आणि ५० रेक असेल तर ७२च्या आसपास. दुसरी सायकल सरळ उतारावर निवांत जाते, पण दोरीनं आखलेल्या अरुंद वळणात तिला ढकलून वळवावं लागतं. एकटा हेड अँगल पाहून फ्रेम नाकारूही नका. कॅननडेलनं सुपरएक्समध्ये तो ७१च्या आसपास ठेवून रेक ५५ केला होता आणि ट्रेल क्रॉसचाच राहिला.

इथे एक सापळा आहे. कमी किमतीच्या फ्रेमबरोबर विक्रेता कधीकधी ‘फोर्क संपला, दुसरा पाठवतो, तसाच आहे’ असं कळवतो. तेव्हा अ‍ॅक्सलपासून क्राउनपर्यंतची, म्हणजे चाकाच्या मध्यापासून फोर्कच्या वरच्या टोकापर्यंतची, लांबी विचारा. क्रॉसचा फोर्क साधारण ३९५ मिमीचा असतो. दहा मिमी लांब फोर्क लावला की हेड अँगल अर्ध्या अंशाहून थोडा जास्त झोपतो आणि बीबी चारेक मिमी वर जातं. तक्ता एका फोर्कचा, फ्रेम दुसऱ्या फोर्कवर, मग एवढा वेळ मोजलं कशाला?

चेनस्टे, म्हणजे बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या, ४२० ते ४३० मिमी. बऱ्याच ग्रॅव्हल फ्रेमचेही एवढेच असतात, त्यामुळे या आकड्यावरून निवाडा होत नाही.

चिखल आणि खांदा

‘४० मिमीपर्यंत टायर बसतो’ एवढं वाचून समाधान मानू नका. टायर बसणं आणि चिखलासकट फिरणं यांत फरक आहे. ४० बसणाऱ्या फ्रेममध्ये ३३ घातला की बाजूला साडेतीन मिमी जादा मिळतात, शिवाय विक्रेत्यानं आधी सोडलेली जागा. मला ३३च्या टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ८ मिमी मोकळे दिसायला हवेत. आरेचा चिखल गवत आणि शेणकाल्यासकट येतो; तो टायरवर राहत नाही, बीबीच्या मागे चेनस्टेच्या बेचक्यात आणि फोर्कच्या क्राउनखाली बसतो. त्या दोन जागांचे जवळून काढलेले फोटो मागवा. बीबीच्या मागे सपाट ओटा असेल तर तिथे चिखलाचा थर बसणारच.

टॉप ट्यूबची खालची बाजू सपाट हवी आणि तिच्याखालून केबल जाता कामा नये. मुख्य त्रिकोणात खांदा आणि दंड शिरायला जागा हवी. टॉप ट्यूब फार उतरती असेल तर लहान मापात ती जागा उरतच नाही. इनफ्लाइटची टॉप ट्यूब सीटजवळ मोडल्यासारखी दिसते ती याच जागेसाठी. घरी असलेली कुठलीही सायकल दहा वेळा खांद्यावर घेऊन इमारतीचा एक जिना चढा, मी काय म्हणतोय ते हाडाला कळेल.

बाकीचे भाग

बॉटम ब्रॅकेट आट्यांचं घ्या, बीएसए किंवा टी४७ मापाचं. दाबून बसवायचं प्रेसफिट वाईटच असतं असं नाही, पण स्वस्त फ्रेममध्ये बीबीचं भोक किंचित वाकडं असलं तरी बेअरिंग करकरतं, आणि पावसाळ्यात ते काढून-घालून आणखी सैल होतं. पुढे १२×१००, मागे १२×१४२ मापाचे, आरपार जाणारे थ्रू अ‍ॅक्सल. पुढे १५ मिमीची जुनी फ्रेम घेतलीत तर चाकं शोधत फिराल. ब्रेक फ्लॅट माउंट, म्हणजे फ्रेमला सपाट बसणारे. सीटपोस्ट गोल, २७.२. ‘डी’ आकाराचा खास पोस्ट तुटला तर त्याच विक्रेत्याच्या दयेवर राहावं लागतं. गिअर हँगर, म्हणजे मागचा गिअर लटकतो तो तुकडा, यूडीएच या सार्वत्रिक मापाचा असेल तर उत्तम, नसेल तर फ्रेमबरोबरच दोन जादा मागवा. बीबीच्या तळाला पाणी निघायला भोक हवंच. आपल्या पावसात फ्रेममध्ये पाणी जातंच, ते बाहेर यायला वाट पाहिजे.

कार्बनच्या प्रतीवरून भांडू नका. टी७००, टी८००, टी१००० ही टोरे या जपानी कंपनीच्या धाग्यांची नावं आहेत. फ्रेमची ताकद थर कसे, किती आणि कुठल्या दिशेनं रचले त्यावर ठरते आणि ते स्टिकरवरून कळत नाही. यूसीआयचा शिक्काही मजबुतीचा दाखला नव्हे. २०११पासून सुरू असलेली ती मान्यता फ्रेम नियमांच्या आकारात बसते का ते पाहते. मजबुतीसाठी आयएसओ ४२१० चाचणीचा अहवाल मागा, त्याच मॉडेलचा.

कुठून घ्यायची

माझी पहिली पसंती ओळखीच्या ब्रँडची, एक-दोन पिढ्या जुनी सेकंडहँड फ्रेम, हातात घेऊन पाहिलेली. बीबीभोवती, हेड ट्यूबच्या खाली, चेनस्टेवर आणि ड्रॉपआउटजवळ (चाकाचा दांडा बसतो त्या खाचेजवळ) बोट फिरवा, रंगातल्या बारीक रेषा नखानं चाचपा, सीट ट्यूबमधून टॉर्च मारून आत पाहा. नाण्यानं हलकं ठोकत जा. एका जागी आवाज अचानक बद्द झाला तर व्यवहार थांबवा. अपघात झाला होता का, हा प्रश्न थेट विचारा आणि उत्तर देतानाचा चेहरा पाहा.

दुसरा मार्ग चीनमधल्या कारखान्यांच्या खुल्या साच्यातल्या (एकाच ब्रँडसाठी राखून न ठेवता कुणालाही विकल्या जाणाऱ्या) फ्रेमचा, साधारण ४०० ते ७०० डॉलर. चांगल्या असतात, मी दोन घेतल्यात. पण किंमत दारात पडेपर्यंतची धरा: कस्टम ड्युटी वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा या सगळ्यांच्या बेरजेवर बसते आणि आयजीएसटी त्यानंतर ड्युटीसकट रकमेवर. सायकलचे भाग कस्टमच्या यादीत ८७१४ या शीर्षात येतात. आजचा दर कुरिअरकडून लेखी घ्या आणि मगच ‘स्वस्त’ म्हणा. किंमत कमी दाखवायला विक्रेत्याला सांगू नका. ते बेकायदा आहे, आणि फ्रेम तडा जाऊन आली तर विम्याचे पैसेही त्या खोट्या किमतीएवढेच मिळतील.

खोकं आल्यावर

उघडताना व्हिडिओ काढा. मग काहीही जोडण्याआधी फोर्क बसवा, पुढच्या-मागच्या ड्रॉपआउटमध्ये अ‍ॅक्सल घाला आणि एका बाजूनं दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्यांवर दोरा ताणून बांधा. बीबीच्या मध्यापासून दोऱ्यापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीनं काटकोनात मोजा. तक्त्याहून दोन-तीन मिमीचा फरक मोजण्यातला समजा. त्याहून जास्त असेल तर पट्टी दिसेल असा फोटो काढून त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत पुढे काहीही जोडू नका. एकदा मेकॅनिकनं हात लावला की फ्रेम परत घेत नाहीत.