पांदण रस्त्याच्या गाडीत रेसिंग कॅम? या चुका टाळा

वावरातून गावात, गावातून तालुक्याला, मागे दोन माणसं किंवा खताचं पोतं. अशी शंभर-सव्वाशे सीसीची गाडी बहुतेक वेळ 3000 ते 5000 आरपीएमवरच (इंजिनचे मिनिटाला फेरे) चालते. कॅम, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा, निवडायचा तो याच आरपीएमसाठी, आणि इथंच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

रेसिंग कॅममध्ये व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो. जोराच्या आरपीएमवर त्याचा फायदा होतो. पण हळू चालताना पिस्टन वर येऊ लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडाच असतो, त्यामुळे आत आलेलं मिश्रण परत ढकललं जातं आणि ओढ कमी होते. शिवाय दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढला की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून निघून जातं. मग पांदणीच्या चढावर पहिला गिअर लागतो, रेस जास्त द्यावी लागते आणि अॅव्हरेज घसरतं. अॅव्हरेज हवं असेल तर कमी ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, क्रँकच्या अंशांत) आणि कमी ओव्हरलॅपचा कॅम घ्या. रोजच्या कामाच्या गाडीला बहुधा कंपनीचा, न झिजलेला कॅमच त्यात बसतो. म्हणून आधी जुन्या कॅमचे लोब, म्हणजे उंचवटे, मायक्रोमीटरने मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. धुळीनं भरलेला एअर फिल्टर आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली फट, हेही तपासा.

आकडे वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. ड्युरेशन कोणी व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजतो, कोणी 1 मिमी उचलल्यापासून. एकाच कॅमचे दोन आकडे 40-50 अंशांनी वेगळे येऊ शकतात. लिफ्टचं, म्हणजे उचलीचंही तसंच आहे. लोब 6 मिमी उचलतो आणि रॉकरचं (लोबचा धक्का व्हॉल्व्हला देणारा दांडा) प्रमाण 1.3 असेल, तर व्हॉल्व्ह 7.8 मिमी उघडतो. कोणता आकडा सांगताय ते दुकानदाराला विचाराच.

जास्त लिफ्टचा कॅम घातला आणि पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर बघितलं नाही, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पिस्टनवरच्या खाचांत मुलांच्या खेळातली प्लॅस्टिक माती लावा, वर तेलाचा हात फिरवा. जुन्याच गॅस्केटवर हेड कसून बसवा, टायमिंग आणि टॅपेट लावा आणि पाना घालून क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर लावू नका. मग हेड काढून माती ब्लेडनं कापा आणि सगळ्यात पातळ जागा मोजा. इनटेकला किमान 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5 मिमी हवं. एक्झॉस्टला जास्त, कारण तो बंद होत असताना पिस्टन त्याच्या मागे लागलेला असतो आणि गरम होऊन व्हॉल्व्ह लांबतोही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये एकूण दीड मिमी तरी फट उरली पाहिजे.

लेथवर घासून वाढवलेला कॅम स्वस्त पडतो, पण त्यात लोबचा वरचा कडक थर जातो आणि तो लवकर खाल्ला जातो. लोबच्या पायाचं वर्तुळही लहान होतं, म्हणून टॅपेटचा स्क्रू पुरत नाही.

टायमिंग चेन एक दात चुकली तर किती फरक पडतो ते बघा: कॅमचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) 32 दातांचं असेल तर क्रँकवर 22.5 अंश. खूण जुळवल्यावर चेन ताणणारा टेन्शनर लावा, दोन फेरे फिरवून पुन्हा बघा.

नवा कॅम कोरडा बसवू नका. लोबला असेंब्ली ग्रीस लावा आणि तेलाची वाट साफ करा. ओव्हरहेड कॅमला तेल सगळ्यात शेवटी पोचतं. वैशाखाच्या 45 अंशांच्या उन्हात, तेल कमी असताना ती वाट चोंदलेली असेल तर नवा कॅमही काही दिवसांत ओरखडतो.

बसवल्यावरची लक्षणं अशी ओळखा. थंड इंजिन चालतं पण गरम झाल्यावर बंद पडतं, तर टॅपेट फार घट्ट. टिकटिक येत असेल तर सैल. आयडलिंग डगमगतं आणि सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो, तर ओव्हरलॅप जास्त किंवा कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक (जेट) मोठं. कॉम्प्रेशन गेजवर आकडा कमी दिसला म्हणून लगेच रिंगा बदलू नका. इनटेक उशिरा बंद होणाऱ्या कॅमवर तो थोडा कमीच येतो. स्लॉट (लांबट भोकं) असलेलं स्प्रॉकेट असेल तर कॅम 2 ते 4 अंश पुढे घ्या, कमी आरपीएमची ओढ काहीशी परत येते.

ट्रॅक्टर आणि डिझेल पिकअपमध्ये हा प्रयोग करूच नका. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून पिस्टन हेडच्या अगदी जवळ येतो आणि व्हॉल्व्हला जागाच कमी राहते.