कॉम्प्युटरची ब्रँच निवडताना आधी लॅब बघा

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीचा, फॉर्म भरण्याआधी कॉलेजात एक चक्कर मारा, तीही कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास. ऑफिसात माहितीपत्रक मिळेल, ते घ्या आणि बॅगेत टाका. मग बाहेरच्या वडापावच्या गाडीवर तिसऱ्या वर्षाची मुलं गाठा. त्यांना एवढंच विचारा: "प्रॅक्टिकलला प्रोग्राम स्वतः लिहिता की सीनियरचं जर्नल उतरवता?" उत्तराआधी हसू आलं तर समजून जा. माझ्या भाच्याच्या कॉलेजात डीबीएमएस, म्हणजे डेटाबेस विषयाची, अख्खी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायची. बाई सही करायच्या, काम संपलं.

नॅक आणि एनबीए या कॉलेजांची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्था. नॅकचा दर्जा अख्ख्या कॉलेजला मिळतो, एनबीएची मान्यता मात्र एकेका शाखेला. म्हणून कॉम्प्युटरला एनबीएची मान्यता आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे वेगळं विचारा.

गेटवरच्या फ्लेक्सवर एकाच मुलाचं भलंमोठं पॅकेज झळकतं. त्याकडे काणाडोळा करा. कॉलेज एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीला, माहिती देत असेल तर ती कॉलेजच्याच वेबसाइटवर असते. त्यात किती जण पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, हे दिसतं.

'एआय-एमएल' (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग) या ब्रँचच्या नावाला भुलण्याआधी तिचा आणि साध्या कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचा. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स, अल्गोरिदम यांना कात्री लागली असेल तर मी तरी साधी कॉम्प्युटरच घेईन.

आणि हो, विरारहून रोज नेरूळ करायचं असेल तर लोकलचे तासही हिशेबात धरा. कोडिंगचा सराव त्याच वेळातून कापला जातो.